लसणाचा वास: धान्य गोदामातलं एक मर्ग प्रकरण आणि त्यानंतरची तालीम

"मॅडम, पलीकडे सावजी भोजनालय आहे. लसणाच्या फोडणीचा वास येऊन राहिला तो."

पीआय साहेबांचं हे वाक्य व्हिडिओत स्वच्छ ऐकू येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, तेव्हापासून घटनास्थळी कोणाचा तरी मोबाईल चालू असतोच. त्यामुळे हे प्रकरण मिनिटामिनिटाने टिपलं गेलं आहे, आणि मी ते आता वर्गात दाखवतो. माझी नोकरी रसायनाच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर तपास पथकांचे वर्ग घेतो. माणसांची नावं आणि गोदामाचा पत्ता देत नाही, त्याने शिकण्यात काही कमी पडत नाही.

ऑगस्ट महिना. पूर्व नागपुरातलं टिनाच्या छताचं गोदाम, आत गहू आणि तुरीच्या थप्प्या. गोदामाला लागून हमालांची दहा बाय दहाची खोली. रात्रभर पाऊस. सकाळी एक हमाल मृत सापडला. दुसरा ओकाऱ्या करत अर्धवट शुद्धीत होता, त्याला शेजाऱ्यांनी ऑटोत घालून मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेलं. ठाण्यात मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल झाला. खोलीत दारूची क्वार्टर सापडली होती, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात विषारी दारूच बसली. साहेबांनी फॉरेन्सिक व्हॅन बोलावली. इथपर्यंत सगळं बरोबर झालं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, असं कलम १७६(३) सांगतं. हा तर गुन्हाही नव्हता, नुसता मर्ग होता. तरी बोलावलं, म्हणजे साहेब काही निष्काळजी नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वर्गात व्हिडिओ लावला की पाचव्या मिनिटाला लोक त्यांना हसायला लागतात.

आत गेले ते असे: पीआय, एक पीएसआय, हवालदार, फोटोग्राफर, दोन पंच आणि प्रयोगशाळेतली तरुण मॅडम, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली. हातात रबरी मोजे, तोंडावर हिरवे सर्जिकल मास्क. मृतदेहाला वास सुटला नव्हता, पण सुटेल या हिशेबाने हवालदाराने सवयीप्रमाणे उंबऱ्यात अगरबत्तीचा पुडाच्या पुडा पेटवून खोचला. बावीस मिनिटं सगळे आत होते. फोटोग्राफर गुडघ्यावर बसून, भिंतीच्या तळाशी वाकून, क्वार्टरचे जवळून फोटो काढत होता. मॅडम दोनदा म्हणाल्या, लसणासारखा वास येतो आहे. पहिल्यांदा फोडणीचं उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा कोणी उत्तरच दिलं नाही.

काम थांबवलं ते एका पंचाने. समोरच्या चहाटपरीवरचे वयस्कर काका होते. म्हणाले, "साहेब, छातीत दाबल्यासारखं होऊन राहिलं जी." त्यांना बाहेर आणेपर्यंत फोटोग्राफर दाराशीच ओकला. मग मात्र मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं, अक्षरशः हाताला धरून, आणि अग्निशमन दलाला फोन लावला. चौघांना दवाखान्यात न्यावं लागलं. फोटोग्राफर दोन रात्री राहिला. चौघेही बरे होऊन घरी आले.

त्या दिवशी डॉग स्क्वॉडही आलं होतं. हॅण्डलरने कुत्रं गाडीतून उतरवलंच नाही. वास कसला आहे ते कळल्याशिवाय कुत्रं आत न्यायचं नाही, अशी त्याला शिकवण होती.

आता वास कसला होता ते. दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी गोदामात गव्हाच्या थप्पीवर ताडपत्री टाकून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवल्या होत्या. आपल्याकडे लोक याला सल्फास म्हणतात, किंवा नुसतं 'गव्हातल्या गोळ्या'. पाणी किंवा हवेतला ओलावा लागला की या गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो. तोच किडे मारतो आणि तोच माणूस मारतो. त्या रात्री टिनाच्या भोकातून पाणी थेट ताडपत्रीच्या फटीत गळत होतं. जो वायू दोन-तीन दिवसांत हळूहळू सुटायचा, तो काही तासांत सुटला. गोदाम आणि खोली यांच्यामधली भिंत सात फुटांपर्यंत विटांची, वर टिनाचा पत्रा, आणि पत्रा-विटांच्या मधे हात जाईल एवढी फट.

हिशेब मी फळ्यावर करून दाखवतो, कारण आकडा पाहिल्याशिवाय कोणाला पटत नाही. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फीन निघतो, म्हणजे साधारण पाऊण लिटरला थोडा कमी. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत हवा मावते सुमारे २८ हजार लिटर. भागाकार केला की उत्तर येतं दहा लाखांत २५ भाग. कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा आहे दहा लाखांत ०.३ भाग. आणि जिवाला तत्काळ धोका जिथून धरतात तो आकडा आहे ५०. दोन गोळ्या झाल्या की तुम्ही तिथे पोचलात. गोदामात गोळ्या दोन नव्हत्या. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्या भारतात २००१ पासून बंद आहेत. या गोळ्या सामान्य माणसाला विकायच्याच नाहीत, सरकारी यंत्रणांनी किंवा परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यानेच वापरायच्या, असा नियम आहे. नियम कुठे वाकला ते नंतर तपासात आलं. तो या लेखाचा विषय नाही.

वासाबद्दल एक गोष्ट. शुद्ध फॉस्फीनला वासच नसतो. बाजारातल्या गोळीत जी इतर संयुगं असतात, त्यांचा तो लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास. म्हणजे वास आला तर धोका आहेच, पण वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही. सेप्टिक टँकमधल्या हायड्रोजन सल्फाईडचं तर याहून वाईट. सडक्या अंड्याचा वास येतो, आणि प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. माणूस म्हणतो, वास गेला, चला उतरू.

व्हॅनमध्ये काय होतं, हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. सगळं होतं. पांढरे पूर्ण अंगाचे सूट सीलबंद पाकिटात होते. फिल्टरचे मास्क होते. चार वायू मोजणारं मीटरही होतं, चार्ज केलेलं नव्हतं. पण समजा असतं, तरी? ते मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड दाखवतं. फॉस्फीनचा सेन्सर त्यात नाही. ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला असता, आणि माणसं जास्तच निर्धास्त होऊन आत गेली असती. फॉस्फीनसाठी वेगळी डिटेक्टर ट्यूब लागते, किंवा पीआयडी मीटर, म्हणजे अतिनील दिव्याने वायू ओळखणारं यंत्र, त्यात १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा असलेलं. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू नाही, हे कोरोनानंतर तरी सगळ्यांना कळायला हवं होतं.

आणि ती अगरबत्ती. फॉस्फीन हवेत १.८ टक्क्यांवर गेला की पेट घेतो. खोलीभर एवढा साठणं कठीण, पण ताडपत्रीखाली ओल्या गोळ्यांचा ढीग असेल तर तिथे साठतो, कधी आपणहूनही पेटतो. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या तरी घटनास्थळांवर मी अगरबत्ती पाहिली आहे. कोणी शिकवत नाही, कोणी बंदही करत नाही.

त्या दिवशी मॅडमनी एक काम फार चांगलं केलं. अग्निशमन दलाचे दोन जवान पाठीवर हवेचे सिलिंडर लावून आत निघाले, तेव्हा त्यांच्या हातात त्यांनी दोन ओल्या कागदी पट्ट्या दिल्या. एक सिल्व्हर नायट्रेटची, एक लेड ॲसिटेटची. मृतदेह बाहेर आला आणि पट्ट्याही आल्या. सिल्व्हर नायट्रेटची पट्टी काळी झाली होती, कडेला किंचित चकाकी. लेड ॲसिटेटची पांढरीच होती. हायड्रोजन सल्फाईड असता तर दोन्ही काळ्या पडल्या असत्या. दोन रुपयांच्या कागदाने दारूचा सिद्धांत दुपारच्या आत मोडला. मयताच्या मनगटावर तांब्याचं कडं होतं, तेही बाहेरच्या अंगाने काळवंडलेलं. फॉस्फीन तांबं, पितळ, चांदी खातो हे खरं. पण तांब्याचं कडं घामानेही काळं पडतं, म्हणून मी त्याला पुरावा म्हणत नाही, इशारा म्हणतो. मॅडमनी त्याचा फोटो घेतला, ते बरोबरच केलं.

पुढची चूक मात्र सगळ्यांची, मॅडमचीसुद्धा. ताडपत्रीखालची राखाडी भुकटी मुद्देमाल म्हणून प्लास्टिकच्या झिप पिशवीत भरली, सील केली आणि व्हॅनमध्ये ठेवली. एसी चालू, काचा बंद. अर्ध्या वाटेत पिशवी पापडासारखी फुगली. भुकटीत पूर्ण विघटन न झालेल्या गोळ्यांचे तुकडे होते, ओल होती, वायू सुटतच होता. शिवाय हवालदाराच्या बुटांवर आणि पँटच्या मोरीवर तीच भुकटी. ठाण्यात पोचल्यावर कोणीतरी म्हणालं, धुऊन टाका पाण्याने. नशीब, तोवर मॅडमना आठवलं. ही भुकटी आधी मोकळ्या हवेत कोरड्या ब्रशने झाडायची, कपडे बाहेर टांगायचे, मग भरपूर पाणी. थोडंसं पाणी सगळ्यात वाईट. नमुना घ्यायचा तो थोडा, कोरडा, आणि माणसं बसतात त्या भागात ठेवायचाच नाही.

प्रयोगशाळेत व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातल्या अवयवांचे नमुने, आला तेव्हाही ही काळजी लागतेच. मिठाच्या संपृक्त द्रावणातल्या बरणीचं झाकण उघडताना फॉस्फीन निसटतो. शवविच्छेदन करणाऱ्यांनाही तोच धोका. मेडिकलमधल्या त्या दुसऱ्या हमालासाठी तर उतारा नावाची गोष्टच नव्हती, या विषावर उतारा नाही. तो वाचला, कारण त्याची खाट दारालगत होती.

दीड महिन्यांनी, ऑक्टोबरच्या उकाड्यात, मी त्याच पथकासह सोळा जणांची तीन दिवसांची तालीम घेतली, शहराबाहेरच्या एका रिकाम्या शेडमध्ये. आपल्या शहराचा विरोधाभास बघा. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथे, १९५७ साली सुरू झालेलं नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय इथलं, ते ज्यात विलीन झालं ती आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही इथे, स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं देशाचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर. आणि अवतीभवती स्फोटकांच्या कारखान्यांची गावं: बाजारगाव, धामणा, जवाहरनगर. बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ च्या स्फोटात नऊ जण गेले, जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ ला आठ. स्फोटानंतर तिथे पंचनामा करायला कोणीतरी जातंच. तो जो कोणीतरी, त्याला आजवरच्या बहुतेक प्रशिक्षणात एकच शिकवलं गेलं: तुझ्यामुळे घटनास्थळ बिघडू नये. बोटांचे ठसे पडू नयेत, केस पडू नये, रक्ताला हात लावताना मोजे घाल. घटनास्थळामुळे तो स्वतः बिघडू शकतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी मी सूटची पाकिटं उघडूच दिली नाहीत. शेडसमोर तीस पावलांवर उभं केलं आणि म्हटलं, दहा मिनिटं काही करायचं नाही, फक्त दिसेल ते लिहायचं. पोलिसाला दहा मिनिटं नुसतं उभं राहणं किती जड जातं ते पाहण्यासारखं असतं. तिसऱ्या मिनिटाला एकाने विचारलं, "सर, काहून उभं केलं आम्हाले?" मग त्यांनाच ऑगस्टचा व्हिडिओ दाखवला, आवाज बंद करून, फक्त आत शिरण्याआधीची चाळीस सेकंदं. नालीच्या कडेला दोन मेलेले उंदीर. दाराच्या फटीला डिंकाने चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. ताडपत्रीच्या कडेवर ओळीने ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या, ज्या धुरी देणाऱ्याशिवाय कोणी ठेवत नाही. कोपऱ्यात ॲल्युमिनियमची रिकामी बाटली. सगळं कॅमेऱ्यात होतं. सगळे त्यावरून चालत गेले होते. फोटोग्राफर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "सर, उंदराचा फोटो पण मीच काढला आहे."

वारा कुठून येतो ते बघायला कापसाचा धागा काठीला बांधला. व्हॅन वाऱ्याच्या वरच्या बाजूला, दार रस्त्याकडे. लाल, पिवळा, हिरवा असे तीन पट्टे दोरीने आखले. लालमध्ये पूर्ण साज (सूट, मास्क, पाठीवर हवेचा सिलिंडर), पिवळ्यात उतरवणं आणि झाडणं, हिरव्यात पंच, पाणी, कागद. यात मोठं शास्त्र काही नाही, यापेक्षा किचकट लग्नाचा मांडव घालतात आपले लोक.

दुसरा दिवस साजाचा. ६ लिटरचा, ३०० बारचा सिलिंडर म्हणजे १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर ४५ मिनिटं. पण मृतदेह उचलताना माणूस दुप्पट हवा ओढतो, आणि दारापर्यंत परत यायचंही असतं. म्हणून हवा संपत आल्याची शिट्टी वाजायची वाट बघायची नाही. मास्कची पकड दाढीवर बसत नाही. श्रावणात दाढी राखलेले दोघे होते, त्यांची ऑक्टोबरमध्येही तशीच होती. मी त्यांना साज दिलाच नाही, त्यांना नोंदवहीवर बसवलं. एकाने दुसऱ्या दिवशी गुळगुळीत करून आणली. सूटमध्ये वीस मिनिटं काढून एक शिपाई बाहेर आला. हात खाली केला तर मोज्यातून घामाची धार लागली, बुटावर टपटप. ऑक्टोबरमध्ये ही गत, तर मे महिन्यातल्या ४५ अंशांत काय होईल, हे मला सांगावं लागलं नाही.

पंचांचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला, आणि त्यावर आम्ही अख्खी दुपार घालवली. पंचनामा म्हणजे पंचांसमक्ष. पण टपरीवरच्या काकांना सिलिंडर लावून आत नेणार का? एक पीएसआय म्हणाले, "नेहमीसारखं लिहू, पंचांसमक्ष पाहिले." मी म्हटलं, आणि उलटतपासणीत वकिलाने विचारलं, काका, आत वायू होता तर तुम्ही कसे उभे राहिलात, मग? शेवटी ठरलं ते असं. घाई नसेल तर हवा मोकळी करून, आकडा ०.३ च्या खाली आल्यावरच पंचांना आत न्यायचं. त्याआधी जे करणं भाग आहे, ते साजातला माणूस कॅमेरा लावून करेल, पंच बाहेर पडद्यावर पाहतील, आणि पंचनाम्यात तसंच लिहायचं: पंचांनी बाहेरून पडद्यावर पाहिले. शटर उघडण्याआधी बंद शटरचा फोटो. पंख्याचं बटण कुठल्या स्थितीत होतं ते टिपायचं, बटणाला हात न लावता. हवा मोकळी केल्याने घटनास्थळ बदलतं हे खरंच, तर किती वाजता कोणी काय उघडलं ते लिहून ठेवायचं. माझ्या मते प्रामाणिक उशीर कोर्टात टिकतो. खोटी हजेरी टिकत नाही.

तिसरा दिवस माझा आवडता. त्या दिवशी साहेब मी झालो. शेडमध्ये गोण्या, एक पुतळा, आणि माझ्या सहकाऱ्याच्या हातात मीटरचे आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या. पथक दोरी आखत होतं, तेवढ्यात मी गाडीतून उतरलो आणि ओरडलो, "काय चाललंय? वरून फोन येऊन राहिले! चला आत." आणि सरळ चालायला लागलो. सोळातले बहुतेक माझ्या मागे आले. दोन दिवस तेच शिकलेले लोक. मॅडमनी हात वर केला, तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही.

भोजनालयाच्या वेळी हेच झालं होतं. वास त्यांना कळला होता. साहेबांना थांबवायचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. आणि हिंमत दाखवा असं सांगून ते येत नाही, मीही नोकरीत कित्येकदा गप्प बसलो आहे. म्हणून आम्ही वाक्यच तयार केलं. पथकात एक जण प्रवेश नोंदणीवर. आत जाणाऱ्याने आपलं ओळखपत्र त्याच्याकडे द्यायचं, बाहेर आला की परत घ्यायचं. अग्निशमनवाले सिलिंडरच्या बिल्ल्यांसाठी हीच पद्धत वापरतात. पाटीवर जेवढी ओळखपत्रं, तेवढी माणसं आत. पद कितीही मोठं असो, ओळखपत्र द्यायचं. आणि कोणी तसाच निघाला तर नोंदवहीवाल्याने एवढंच विचारायचं: "साहेब, मीटर अजून लागलं नाही. तुम्ही आत गेल्याची नोंद करू का?"

खात्यात तोंडी विनंतीला मान नसतो, लेखी नोंदीला असतो. दुसऱ्या फेरीत मी पुन्हा ओरडत आलो. मॅडमनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि प्रश्न विचारला. मी नाटकातला साहेब, तरी माझे पाय थांबले. खरे पीआय साहेब बाजूला उभे होते. ते आधी हसले, मग वही मागून घेतली आणि तिची पानं चाळत राहिले. रकाने बघून म्हणाले, "वेळेचा रकाना मोठा करा, सही मावत नाही."

फेब्रुवारीत एका लेआउटमधल्या सेप्टिक टँकजवळ माणूस बेशुद्ध पडल्याचा कॉल आला. त्याला अग्निशमनच्या जवानांनी वर काढलं होतं. तपासाला तेच साहेब, त्याच मॅडम. गर्दी, नगरसेवकाची माणसं, "पोलीस नुसते उभे आहेत" म्हणून आरडाओरडा. मला त्या दिवसाच्या नोंदवहीचा फोटो मॅडमनी पाठवला. पहिल्या ओळीवर साहेबांचंच अक्षर आहे, मोठ्या केलेल्या रकान्यात: 'सकाळी ११.४०. टाकीच्या तोंडाशी मीटर लावले. हायड्रोजन सल्फाईड मर्यादेबाहेर. प्रवेश नाही.' दुसरी ओळ १२.३५ ची आहे. मधली पंचावन्न मिनिटं कोरी.